सांगायचं कुणी?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि विषय असा आहे की जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. विषय आहे तोंडाच्या वासाचा. (ताई, हसू नकोस. तुला यातलं सगळं आधीच ठाऊक आहे.)

मी दातांचा डॉक्टर आहे हे इथे येणाऱ्या बहुतेकांना माहीत आहे. नसेल तर आता कळलं. गाव केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. शाळेत असताना आम्ही जिल्हा अकोला लिहायचो, १९९८ मध्ये वाशिम वेगळा झाला. दवाखाना तालुक्याच्या गावी असला तरी सणवार, लग्नकार्य, सोयाबीनची काढणी, नाहीतर नुसतीच आठवण आली म्हणून, केनवडला चक्कर होतेच.

तर गेल्या दिवाळीतली गोष्ट. सगळे जमलेले. ओसरीवर सतरंजी, मध्ये फराळाची ताटं, पुण्यामुंबईहून आलेली पोरं मोबाइल घेऊन कोपऱ्यात. मोठी आई भिंतीला टेकून बसलेली. (मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. आमच्याकडे काकू म्हणायची पद्धत नाही.) तिच्या मांडीवर तिची पणती, वय वर्षं पाच. मोठ्या आईने लाडाने तिला जवळ ओढलं, तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी विचारलं आणि पोरगी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, तुझ्या तोंडाचा घाण वास येतो."

ओसरी गप्प. पोरीच्या आईने तिच्या पाठीत एक चापट दिली. मोठी आई म्हणाली, "मारू नको लेकराले. खरं बोललं ते." हसली, पदर तोंडावर ओढला आणि चहा पाहते म्हणून आत गेली.

ओसरीवर एकूण चौदा माणसं होती. त्या चौदांपैकी एकालाही हे नवीन नव्हतं. आणि त्या चौदांत एक दातांचा डॉक्टर होता, जो त्या वेळी चकलीकडे फार लक्ष देऊन पाहत होता.

रात्री जेवणं झाल्यावर मी मागच्या अंगणात गेलो. ती भांडी पालथी घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बापू, तुले माहीत होतं ना?"

हो म्हणालो. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"कवापासून?"

"बरेच दिवस झाले."

"तू तं डॉक्टर हायेस. मंग सांगतलं काहून नाही?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता हे लिहितोय ते त्याच उत्तराच्या शोधात, असं समजा. (तिला विचारूनच लिहितोय. "लिही, पन नाव टाकू नको," एवढीच अट.)

त्या रात्री ती बराच वेळ बोलली. तिला वाटायचं वास पोटातून येतो, आतली उष्णता आहे. म्हणून ती सोमवार धरायची, गुरुवार धरायची, एकादशी तर होतीच. तोंडात सारखी लवंग. भजनी मंडळात ती पूर्वी पुढे बसायची, टाळ तिच्याच हातात असायचा. मग ती मागच्या रांगेत गेली आणि नंतर आवाज बसतो म्हणून जाणंच बंद केलं. मोठे बाबा शेवटची काही वर्षं तिच्याकडे पाठ करून झोपायचे. तिला वाटायचं, शेताच्या वाटणीवरून तिने एकदा तोंड उघडलं होतं, त्याचा राग धरलाय. ते गेले २०१६ मध्ये. "आता इचारू बी कोनाले," ती म्हणाली.

आणि पदर. लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोरची मोठी आई म्हणजे तोंडावर पदर धरून बोलणारी बाई. आम्ही सगळे समजायचो की जुनी माणसं, मर्यादा पाळतात. सासरे जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, मर्यादा कुणाची पाळायची होती? एवढं साधं गणित आमच्या घरात कुणी केलं नाही.

आता माझा गुन्हा नीट सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः तिची दाढ काढली होती आणि शेजारच्या दातांचा आधार घेऊन ब्रिज बसवला होता. चार वेळा ती खुर्चीवर बसली. वास मला तेव्हाही आला होता. मी काय केलं असेल? असिस्टंटला सांगून एकावर एक दुसरा मास्क चढवला. काम झालं, "दोन वेळा ब्रश करत जा" म्हणालो आणि तिला बसमध्ये बसवून दिलं.

मंडळी, मी एकटाच असा नाही, हे मी माझ्या बचावासाठी म्हणत नाहीये. आमच्या धंद्यातली ही सवय आहे. मुळापासून कीड काढायची कशी, दाढ तुटली तर मूळ बाहेर कसं घ्यायचं, हे आम्हाला पाच वर्षं शिकवतात. तोंडाचा वास कशाने येतो हेही हिरड्यांच्या विषयात येतं, परीक्षेला पाच मार्कांची टीप असते. पण समोर बसलेल्या माणसाला ते सांगायचं कसं, याचा एक तासही झाल्याचं मला आठवत नाही. मग आम्ही आमच्या आयांनी शिकवलं तेच करतो. चारचौघांत असं बोलू नये.

माझं म्हणणं असं की बाकी जगाने हे बोलू नये हे ठीक आहे. जावेने सांगितलं तर भांडण होतं, नवऱ्याने सांगितलं तर टोमणा होतो, मित्राने सांगितलं तर मैत्री जाते. पण म्हणूनच कुणीतरी एक माणूस असा हवा की ज्याचं ते कामच आहे. तो आम्ही. पेशंटने आधी विचारावं अशी वाट बघत बसणं म्हणजे सभ्यपणा नव्हे, तो कामचुकारपणा आहे. कारण पेशंट विचारूच शकत नाही. एक तर लाज. दुसरं म्हणजे स्वतःचा वास स्वतःला येत नाही, नाकाला त्याची सवय होऊन गेलेली असते. हाताचा द्रोण करून त्यात फुंकून बघतात ना लोक, त्याने फारसं कळत नाही. मनगटाची आतली बाजू चाटायची, काही सेकंद सुकू द्यायची आणि मग हुंगायची, यातून जरा अंदाज येतो. २०२० मध्ये मास्क लावून फिरायला लागलो तेव्हा मात्र कित्येक जण दचकून माझ्याकडे आले होते. "डॉक्टर, मास्क धुतला तरी वास येतो." मास्कचा नव्हता तो, पण असो.

हा वास येतो कुठून, ते एकदा सांगून टाकतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद जणांना वाटतं की तो पोटातून येतो. मग एरंडेल, त्रिफळा, उपास. प्रत्यक्षात दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वासाचं कारण तोंडातच असतं. जिभेचा जो मागचा भाग आहे, घशाकडचा, तिथे खडबडीत गालिचासारखी जागा असते. त्यात मेलेल्या पेशी, अन्नाचे कण, लाळेतला चिकटा अडकतो. तिथे राहणाऱ्या जिवाणूंना हवा नको असते, अंधार आणि ओल हवी असते. ते त्यातली प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा. आणि मिथाइल मरकॅप्टन, तो कुजक्या कोबीसारखा. हेच जिवाणू सुजलेल्या हिरडीच्या आत, दात आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत बसले की वास आणखी उग्र. निरोगी हिरडीत ही खोबण दोन-तीन मिलिमीटरची असते, पायोरिया झालेल्यांची पाच-सहा-सात होते. तिथे ब्रश पोचत नाही, गुळणी पोचत नाही, लवंग तर नाहीच नाही.

लाळ ही तोंडाची झाडूवाली. ती कमी झाली की कचरा साठतो. म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो आणि म्हणूनच उपासाच्या दिवशी जास्त असतो. आमची मोठी आई वास जावा म्हणून आठवड्यातून दोन-दोन दिवस उपाशी राहात होती आणि उपासामुळे वास वाढत होता. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पाच मिनिटं नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

गंमत म्हणजे जिभेचं हे प्रकरण आपल्या लोकांना फार जुनं ठाऊक आहे. चरकसंहितेत दिनचर्या सांगताना जीभ घासायच्या पट्ट्या सोन्याच्या, चांदीच्या, तांब्याच्या, पितळेच्या असाव्यात असं येतं आणि कारणही दिलंय की जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळाने दुर्गंधी येते. मुळाशी, बरं का. टोकाशी नाही. माझे पेशंट जीभ घासतात ती पुढची, आरशात दिसणारी. मागे गेलं की उमासा येतो म्हणून सोडून देतात. (युक्ती अशी की जीभ पूर्ण बाहेर काढायची, श्वास सोडता सोडता पट्टी मागून पुढे आणायची, हळू, दोन-तीनदा. आठवड्यात उमासा जातो.)

आणि याच दुखऱ्या जागेवर धंदाही उभा राहिला. लिस्टरीन हे औषध १८७९ मध्ये अमेरिकेत निघालं ते जखमा आणि शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक म्हणून. १९२० च्या दशकात ते तोंडाच्या वासाचं औषध म्हणून विकायला लागले आणि जाहिरातींचा सगळा भर एकाच भीतीवर होता, की तुमचं लग्न ठरत नाहीये ते यामुळे आणि तुम्हाला हे कुणीही सांगणार नाही. आजच्या टीव्हीवरच्या थंडगार जेलच्या जाहिराती तेच सांगतात, फक्त हसत हसत. म्हणजे डॉक्टर गप्प बसले आणि बोलला तो दुकानदार. गुळणीच्या औषधाने काही तास बरं वाटतं. खोबणीतलं कीटण तसंच राहतं.

आता मोठी आई खुर्चीवर आली तेव्हाचं. भाऊबीज झाली, तिसऱ्या दिवशी मी तिला गाडीत घालून घेऊन आलो. ब्रिजच्या खालची हिरडी लालबुंद, मागच्या दातांपाशी खोबण सात मिलिमीटर, जिभेवर पिवळट थर. रक्तातली साखर तपासली, ती वाढलेली. तिला कुणालाच माहीत नव्हती. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार हे जोडीने चालतात, एकाने दुसरा बिघडतो. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, किंवा निदान मधल्या काळात कधीतरी, मी नाक मुठीत धरण्याऐवजी तोंड उघडलं असतं तर कदाचित साखरही आधी सापडली असती. हे "कदाचित" माझ्या फार डोक्यात बसलंय.

स्वयंपाकघरातल्या गॅसला खरं तर स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. आपल्या तोंडातल्या त्या मिथाइल मरकॅप्टनचा सख्खा भाऊच म्हणा. गॅसचा वास आला की घरातलं शेंबडं पोरही ओरडतं. तोंडाचा आला की आम्ही चकलीकडे बघतो.

उपचारात काही जादू नाही. जुना ब्रिज काढला, दोन बैठकांत हिरडीच्या आतली सफाई केली. ("बापू, साफ केल्यानं दात ढिले होतेत म्हनतेत." नाही होत. कीटणाने आधीच ढिले झालेले असतात, कीटण गेलं की ते जाणवतं, इतकंच.) दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, तांब्याची पट्टी, पंधरा दिवसांपुरती क्लोरहेक्झिडीनची गुळणी, साखरेसाठी फिजिशियन. आणि गुरुवार सोडायला सांगितला. सोमवार मी मागितला नाही.

महिन्याभरात वास जवळजवळ गेला. तो गेलाय हे तिला पटवायला मात्र त्याहून जास्त वेळ लागला. ती बोलताना हात आपोआप पदराकडे जायचा, मग मध्येच थांबायचा.

तेव्हापासून मी दवाखान्यात काही गोष्टी बदलल्या. सल्ला देतोय असं समजू नका, पण इथे दोन-तीन दंतवैद्य मित्र वाचतात, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, मी आता विचारतो. नव्या पेशंटचा कागद भरताना दात दुखतो का, रक्त येतं का, थंड लागतं का, यांच्याच रांगेत "तोंडाला वास येतो असं वाटतं का, किंवा घरात कुणी कधी म्हणालंय का?" हाही प्रश्न. सगळ्यांना विचारायचा, म्हणजे कुणाला आपल्यालाच विचारला असं वाटत नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण प्रश्न विचारल्यावर कित्येक बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. वर्षानुवर्षं कुणीतरी विचारावं म्हणून थांबल्यासारखं.

दुसरं म्हणजे, सांगताना खुर्ची सरळ करतो. आम्हा लोकांना एक वाईट खोड आहे, पेशंट आडवा, तोंडात आरसा आणि नळी, डोळ्यांवर लाइट, आणि आम्ही वरून प्रवचन देतो. त्याने उत्तर द्यायचं कसं? आता त्याला उठवून बसवतो, माझा मास्क काढतो आणि त्याच्या पातळीवर स्टुलावर बसतो. सोबत आलेल्यांना बाहेर पाठवतो. आमच्याकडे हे सोपं नाही. एका दाताबरोबर चार माणसं येतात आणि चौघांनाही आत यायचं असतं. एक्स-रे काढायचाय म्हणून सांगतो, क्ष-किरणांना सगळे घाबरतात.

आणि शब्द. आपल्या भाषेत वास फुलाचाही असतो. "घाण" म्हटलं की माणूस घाण होतो. त्यामुळे तो शब्द दवाखान्यात बंद. मी साधारण असं म्हणतो, "तुमच्या हिरड्यांना आतून सूज आहे आणि जिभेच्या मागे थर आहे. असं असलं की तोंडाला वास येतो, तसा तुमच्याही येतोय. हा जाण्यासारखा आहे." आधी आजार, मग वास, आणि लगेच तो जाईल हे. वास शेवटी सांगून वाक्य तिथेच थांबवलं तर माणूस पुढचं काहीच ऐकत नाही, हे मी अनुभवाने शिकलो.

अनुभव म्हणजे काय, तर एक शिक्षक. निवृत्तीला आलेले, गावात मान. मी नवा नवा धीट झालो होतो. त्यांचा मुलगा शेजारी उभा असताना मी सरळ बोलून गेलो. सर "बरं" म्हणाले, पैसे दिले, परत आले नाहीत. माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो तेच खरं झालं, की असं बोललं की पेशंट तुटतो. पण माझ्या मते ते बोलण्यामुळे तुटले नाहीत, मुलासमोर बोलल्यामुळे तुटले. मित्राला हे पटत नाही. त्याचा दवाखाना माझ्यापेक्षा चांगला चालतो, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

उलटा प्रकारही होतो. एक जण नवीन लग्न झालेल्या बायकोला घेऊन आला आणि दारातूनच, बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डॉक्टर, इच्या तोंडाचा वास येते, पाहा बरं." ती पोरगी जमिनीकडे बघत उभी. तिला तपासलं. हिरडीला थोडी सूज, बाकी काही नाही, एका सफाईत काम झालं. आणि हा गडी बोलत होता तेव्हा त्याच्या तोंडातून खर्ऱ्याचा असा भपकारा येत होता की विचारू नका. मी म्हटलं, आता तुम्ही बसा. का म्हणून? म्हटलं, जोडीने तपासतो, फी एकाचीच घेतो. बसला. तोंड उघड म्हटलं तर दोन बोटं जेमतेम आत जात होती. एरवी स्वतःची तीन बोटं उभी जायला हवीत. गालाच्या आतली कातडी पांढरी आणि कडक. सुपारीने हे होतं आणि यातूनच काहींना पुढे कॅन्सर होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पन्नीत घोटून हातावर मिळतो. वासाचं बोलणं त्याने काढलं होतं बायकोसाठी आणि ते येऊन थांबलं त्याच्या गालावर. त्याला अकोल्याला पाठवलंय. सध्या खर्रा बंद आहे, असं बायको सांगते. तो सांगतो त्यापेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

एक प्रकरण मात्र मी बिघडवलं. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, वय बावीस. तोंडाला वास येतो म्हणून चार महिन्यांत तीनदा आला. जिभेवर थर नाही, हिरड्या उत्तम, मी अगदी जवळून हुंगलं (हो, हुंगावंच लागतं, मशीन आहेत पण डॉक्टरचं नाक अजूनही मुख्य मानतात), काही नाही. पण त्याला खात्री होती. ग्राउंडवर शेजारचा मुलगा नाकाला हात लावतो, तो माझ्यामुळेच, असं तो सांगायचा. याला नाव आहे. याएगाकी आणि कॉइल यांनी २००० मध्ये तोंडाच्या वासाची जी वर्गवारी केली तिच्यात खरा वास, नसलेला पण वाटणारा वास, आणि समजावूनही न जाणारी वासाची भीती, असे वेगळे गट केलेत. मला हे माहीत होतं. तरी बाहेर गर्दी होती, तो उठत नव्हता, म्हणून मी गुळणीचं औषध लिहून दिलं. म्हणजे काय झालं, तर डॉक्टरने औषध दिलं त्या अर्थी वास आहेच. तो ते औषध तीन महिने घेत राहिला आणि दातांवर तपकिरी डाग पाडून घेऊन परत आला. डाग मी काढून दिले. त्या दिवशी त्याच्यासमोर तासभर बसलो, माझी चूक कबूल केली आणि मानसोपचारवाल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तो गेला की नाही, मला ठाऊक नाही. फोन उचलत नाही.

असं बोलायला लागल्यापासून माझे काही पेशंट कमी झाले असतील. हिशेब ठेवलेला नाही. वेळ मात्र नक्की जास्त जातो, एका माणसामागे दहा-पंधरा मिनिटं, आणि या दहा मिनिटांची फी कुठल्याच दरपत्रकात नसते. ज्यांना हे परवडत नाही असं म्हणायचंय त्यांचं मला समजतं. फक्त त्यांनी त्याला पेशंटच्या भावना जपणं म्हणू नये.

राहिली मोठी आई. ती आता पुन्हा भजनाला जायला लागलीय. पुढे बसते की मागे, हे मी विचारलं नाही. पण एक नवीनच भानगड झालीय. गेल्या महिन्यात केनवडहून ती बसने आली, सोबत दोन बायका. दवाखाना भरलेला, मी आत एकाच्या दाढेशी झटत होतो, आणि बाहेरून तिचा आवाज आला, खणखणीत, पदराबिदराशिवाय.

"बापू, या दोघींच्या बी तोंडाचा वास येते, माह्यावाणी. पाहून दे."

मी दाढ तशीच सोडून बाहेर धावलो.